हेळवाडीचे जंगलसाहेब

निपाणीत नवा माणूस आला की पहिले काही दिवस नुसता शिंकत असतो. वखारींमधून तंबाखूचा खकाणा उडतो, तो गल्लीबोळांत, कपड्यांत, अगदी ताटातल्या भातावरही येऊन बसतो. पुढे नाक सरावतं. श्रीपादरावांचं नाक मात्र कधीच सरावलं नाही. मी त्यांना ओळखू लागलो तोवर त्यांना निपाणीत कित्येक वर्षं झाली होती, तरी सकाळी दार उघडलं की त्यांची पहिली शिंक सगळ्या गल्लीला ऐकू येई. मग दुसरी, तिसरी. समोरच्या बायका वखारीत जायला निघालेल्या असत. त्यांतली एखादी म्हणे, "उठलं बगा जंगलसाहेब."

मी बेळगावहून निपाणीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो, तो दुसरी लढाई सुरू व्हायच्या जरा आधी. खोली मिळाली ती वखारींच्या मागल्या गल्लीत. आमचं घर बेळगावच्या खडेबाजारातलं, माणसांनी भरलेलं. मुलगा तंबाखूच्या कामकरी बायकांच्या वस्तीत राहतोय म्हटल्यावर आईने जेवण सोडायचंच बाकी ठेवलं होतं. "शेजारी एक वयस्कर, सभ्य गृहस्थ आहेत," असं मी तिला कळवलं तेव्हा कुठे ती शांत झाली.

सभ्य तर ते होतेच. अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, रोज घोटून केलेली दाढी. कोट कोपरांवर विरला होता, पण त्यावर सुरकुती दिसायची नाही. बोलणं हळू. समोरचा माणूस चिडला की "इरली, इरली" म्हणायचे. कानडीत त्याचा अर्थ 'असू दे'. पूर्वी ते एका संस्थानच्या नोकरीत होते, तिथलं निम्मं काम कानडीत चाले, तिथून तो शब्द त्यांच्या तोंडी बसला होता. दुसऱ्याचं सगळं ते असू देत. स्वतःचं काही असू द्यायला मात्र तयार नसत.

असा माणूस या गल्लीत का राहतो हे मला कळेना. एकदा न राहवून विचारलं, "श्रीपादराव, बसवाण गल्लीकडे चांगली खोली मिळेल की तुम्हाला. इथं शिंकत कशाला राहता?"

त्यांनी रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "माझं गाव इथं राहतं, मास्तर."

ते जन्मले दुसरीकडेच. पण हेळवाडी हे त्यांचं गाव झालं होतं, आणि हेळवाडी आता या गल्लीत राहत होती. तीही त्यांच्यामुळेच. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला ते रविवारच्या फिरण्यात, थोडं थोडं करून, त्यांच्याच तोंडून कळलं.

खानापूरच्या पश्चिमेला, घाटाच्या कड्यावर, एक लहानसं संस्थान होतं. नाव सांगायचं कारण नाही. नकाशात बोटाखाली झाकून जाईल एवढंच ते होतं. श्रीपादराव तिथले जंगल अधिकारी. "माणसं थोडी आणि झाडं फार, असलं राज्य ते," ते म्हणत. "एका गावचा कोंबडा दुसऱ्या गावाला ऐकू जायचा नाही. सगळं उत्पन्न रानाचं. साग, किंदळ, बांबू, वेत, शिकेकाई, मध, मेण. आणि हिरडा. माणसं थोडी असली की काय होतं, मास्तर, झाडं कुणाचीच नाहीत असं वाटायला लागतं. मलाही वाटलं."

हेळवाडी त्या संस्थानातलं अगदी वरचं गाव. खाली ओढ्याच्या काठाने भाताची थोडी खाचरं. वर डोंगरउतारावर कुमरीची शेती, म्हणजे रानाचा एक तुकडा साफ करायचा, पालापाचोळा जाळायचा, त्या राखेत नाचणी पेरायची आणि पुढे तो तुकडा सोडून देऊन दुसरा धरायचा. गावाच्या डोक्यावर हिरड्याचं दाट बन होतं, आणि त्या बनाच्या पायथ्याशी झरा. हिरडे वेचून, वाळवून गाव ते खानापूरला घालायचं. कातडी कमवायला तो माल दूरदेशी जाई. मीठ, कापड आणि पावसाळ्यातले तांदूळ गावाला मिळायचे ते त्या हिरड्यावर.

गंगाक्का ही तिथल्या गावकऱ्याची, म्हणजे पाटलाची, बायको. तिची थोरली सून बाळंतपणात अडली. रस्ता नव्हता. डोलीत घालून तिला खानापूरच्या वाटेला लावलं. श्रीपादराव त्या दिवशी योगायोगाने गावात होते, तेही डोलीबरोबर चालत निघाले. भर उन्हात, वाटेतल्या एका चढावर ती पोर गेली. डोली खाली ठेवून सगळे बसले. गंगाक्काने सुनेचं तोंड पदराने पुसलं आणि श्रीपादरावांकडे बघून म्हणाली, "साहेब, आमाला सडक करा."

"बस्स, तेवढं एकच मागितलं तिनं," ते मला सांगत होते. आम्ही गावाबाहेरच्या माळावर बसलो होतो. "मी हो म्हटलं. सडक करायची तर पैसा हवा, आणि पैसा होता तो उभा होता रानात."

त्यांनी मनापासून बेत आखला. बेळगावचा एक ठेकेदार एका बाजूच्या डोंगरावरचं लाकूड नेईल, आणि त्या बदल्यात सडक आणि खाली एक दवाखाना बांधून देईल. कुमरीची शेती बंद करावी लागेल, पण तोडीच्या कामावर माणसांना रोजगार मिळेल. गावाला शंका होती ती हिरड्याची. तेव्हा श्रीपादराव सातेरीच्या देवळात गेले. तिथं देवीची मूर्ती नाही, वारूळच आहे. त्या वारुळावर हात ठेवून, सगळ्या गावासमोर त्यांनी सांगितलं की हिरड्याला कुऱ्हाड लागणार नाही.

सडक अर्ध्यावर आली आणि पहिली लढाई जोरात आली. लाकडाला, कोळशाला भाव आला. ठेकेदार म्हणाला, ठरलेला डोंगर संपला, पुढची सडक हवी असेल तर हिरड्याचं बन द्या. संस्थानिकांनी निर्णय यांच्यावर सोपवला. नाही म्हणता आलं असतं. सडक अर्धीच राहिली असती, एवढंच.

"मी स्वतःला समजावलं की खोडापासून पुन्हा फुटेल. सडक झाल्यावर लोक विसरतील. डोळ्यांसमोर ती डोली होती ना. तिचं नाव पुढे करून मी हो म्हटलं." त्यांनी रुमालाची घडी उलगडून पुन्हा घातली. "तोड सुरू झाली तेव्हा मी गावात नव्हतो, मास्तर. मुद्दाम नव्हतो. आजाराची रजा काढून बेळगावला जाऊन बसलो होतो. तब्येत ठणठणीत होती माझी."

सडक पुरी झाली. दवाखाना उभा राहिला, डॉक्टर आला. पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात झरा आटला. हिरडा नाही, कुमरी नाही, आणि आता पाणीही नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारींना माणसं हवी होती. हेळवाडीची बिऱ्हाडं एकेक करून त्या नव्या सडकेने खाली उतरली. डॉक्टर रिकाम्या दवाखान्यात बसून राहिला आणि शेवटी तोही बदली मागून गेला.

श्रीपादरावांनी राजीनामा दिला आणि गावामागोमाग निपाणीला आले. बायको आधीच वारली होती. मुलगा पुण्यात होता, तो बोलवून बोलवून थकला.

इथं ते काय करत? एक काम मी रोज पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी म्युनिसिपालिटीचा नळ होता. पाणी यायचं नेमकं बायका वखारीत गेल्यावर. तेव्हा हेळवाडीच्या बायका जाताना आपापल्या घागरी नळापाशी ठेवून जात आणि श्रीपादराव त्या रांगेत पुढे सरकवत, भरत आणि दारोदार नेऊन ठेवत. कोट घातलेला म्हातारा घागरींच्या रांगेत उभा आहे, हे बघायला पहिल्या पहिल्यांदा गाव जमायचं म्हणे. पुढे लोकांची नजर मेली. एकदा दुसऱ्या गल्लीतल्या एका बाईने रांगेत मध्येच घागर घुसवली तर हे एकदम कडाडले, "ए बाई! ती सावित्रीची पाळी आहे!" मग शिंका आल्या, आणि शिंकता शिंकताच "इरली, इरली" म्हणून त्यांनी तिचीही घागर भरून दिली.

गंगाक्काची घागर मात्र त्या रांगेत कधी नसे. उंच, काटक बाई. नवरा निपाणीत आल्यावर खोकल्याने गेला. ती वखारीतून परत आली की नळ कोरडा झालेला असायचा. मग ती लांबच्या विहिरीवर जायची आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन श्रीपादरावांच्या दारावरून, मान वळवूनही न बघता जायची. ती येण्याच्या वेळेला ते दाराशी उभे असायचे. ती गेली की आत जायचे आणि मगच जेवायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर एका वखारवाल्याकडे गेलो होतो. बायका खोकून खोकून बेजार झाल्या होत्या. भिंतीत वर दोन-चार खिडक्या पाडाव्यात एवढंच यांचं म्हणणं. वखारवाला माणूस वाईट नव्हता. आम्हाला बसायला घातलं, चहा मागवला. पण श्रीपादरावांना शिंकांमुळे वाक्य पुरं करता येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आता तुमीच सांगा, साहेब," वखारवाला हसत म्हणाला. "खिडकी पाडली की वारा येनार. वारा आला की माल उडनार. आनि बायकांनी तर कधी तक्रार केली न्हाई."

श्रीपादरावांनी डोळे पुसले. "त्यांनी तक्रार तिकडेही केली नव्हती," ते म्हणाले. "म्हणून तर मी आलोय."

वखारवाल्याला त्यातलं काही समजलं नाही. पण पुढे पावसाळा संपल्यावर त्याने दोन खिडक्या पाडल्या. श्रीपादरावांना मी आनंदाने ही बातमी सांगायला गेलो तर म्हणाले, "दोन्ही एकाच भिंतीला आहेत हो. वारा आत येईल, जाईल कुठनं?"

त्यांचं अपराधीपण कधीकधी सोसवत नसे, हेही सांगायला हवं. सणाला गोड खायचे नाहीत. कुणी त्यांना चांगलं म्हटलं की उठून जायचे. गल्लीतल्या एखाद्या पोराला ताप आला तरी यांचा चेहरा असा पडायचा, की जणू तो ताप यांनीच आणला. मी एकदा वैतागून म्हटलं, "सगळ्या जगाचा भार तुम्ही एकट्याने का घेताय?" ते म्हणाले, "जगाचा नाही. एकाच गावाचा आहे. तेवढाही झेपत नाही."

हेळवाडीच्या लोकांनी गल्लीच्या टोकाला, पिंपळाखाली, मातीचं एक लहान वारूळ रचून सातेरी मांडली होती. शिमग्याला तिथं सगळे जमायचे. श्रीपादराव लांब उभे राहायचे. एका शिमग्याला मात्र ते पुढे गेले. सकाळची वेळ, नारळ फुटत होते. त्यांनी टोपी काढली. मी त्यांना बोडक्या डोक्याने कधी पाहिलंच नव्हतं. एकाएकी ते फार म्हातारे दिसले.

"मी देवीवर हात ठेवून खोटं बोललो," ते मोठ्याने म्हणाले. "तुमचं बन मी दिलं. मला माहीत होतं काय होणार ते. मला माफ करा."

पुरुष खाली बघत राहिले. हे जुनं दुखणं चारचौघांत उघडलेलं त्यांना आवडलं नव्हतं. शेवटी गंगाक्का पुढे आली. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलत होती.

"माफी घिऊन ठिवू कुठं, साहेब? खोली भाड्याची हाय."

एक-दोन बायका हसल्या. ती हसली नाही.

"तुमी मोकळं व्हायला बगताय. व्हा. पर माजं काय करायचं ते सांगा. सडक मागितली कुनी हुती? मी मागितली. गावातनं निगताना एकेक बाई माज्या दारावर थांबून मला बोलून गेलीया. माजी सून मेली म्हनून मी सडक मागितली, आन् सगळ्या गावाच्या सुना हितं आनून तंबाखूत घातल्या. तुमी एकटंच गुन्हेगार झालासा तर मी कुटं जाऊ?"

श्रीपादराव काहीतरी म्हणायला गेले. "गंगाक्का, तुमचा त्यात काय दोष..."

"ते तुमी नका सांगू," ती म्हणाली आणि नारळाचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवून वळली.

त्यानंतर ती दारावरून जाताना थांबू लागली. बोलणं थोडंच. "जेवलासा का?" "जेवतो आता. तुम्ही?" एवढंच. घागर तिने शेवटपर्यंत नळावर ठेवली नाही.

इंग्रज जाणार हे नक्की झालं त्या उन्हाळ्यात संस्थानातून श्रीपादरावांना बोलावणं आलं. जुने संस्थानिक वारले होते. गादीवरच्या मुलाला कळून चुकलं होतं की राज्य फार दिवस राहत नाही. तेव्हा जाता जाता रान विकून टाकावं, असा विचार चालला होता. इतक्या वर्षांत हेळवाडीच्या डोंगरावर पुन्हा झाड भरलं होतं. हद्दी दाखवायला जुना माणूस हवा, म्हणून यांची आठवण झाली.

मला वाटलं ते संतापतील. ते गंगाक्काच्या दाराशी गेले आणि बाहेरूनच म्हणाले, "हेळवाडीला जायचंय. मी एकटा जाणार नाही. तुम्ही चला, आणि येतील त्यांना घ्या."

"मी येऊन काय करू?"

"बोला. मी एकदा तुमच्या वतीनं बोललोय. पुन्हा नाही."

शाळेला सुट्टी होती. मीही गेलो. बेळगावहून खानापूर, तिथून एका भाड्याच्या मोटारीत दाटीवाटीने. ती सडक मी पहिल्यांदाच पाहत होतो. चांगली बांधलेली होती, वळणं सोपी. गाडीत कुणी तिच्याविषयी एक शब्द काढला नाही.

डोंगराच्या पायथ्याशी, मोडकळीस आलेल्या दवाखान्याच्या ओसरीवर नवे दिवाण आणि एक ठेकेदार बसले होते. दिवाण तरुण, हुशार, घाईत असलेला माणूस. म्हणाला, "श्रीपादराव, तसं सोपंच काम आहे. वर वस्ती नाही. हरकत घ्यायला माणूसच नाही."

"वस्ती आहे," श्रीपादराव म्हणाले. "निपाणीत राहते. ही माणसं आलीत, विचारा त्यांना." आणि ते ओसरीवरून खाली उतरून सडकेच्या कडेला जाऊन उभे राहिले. दिवाणाने दोनदा हाका मारल्या. ते वर गेले नाहीत.

गंगाक्का बोलली. लांबलचक नाही. कुठली खाचरं कुणाची, झरा कुठे होता, बनाची हद्द कुठून कुठे, वारूळ कुठल्या झाडाखाली, एवढं सांगितलं. मग म्हणाली, "आमी मेलो न्हाई. परत यायचं का न्हाई ते आमी ठरवू. तवर ह्याला हात लावला तर सगळी बिऱ्हाडं घिऊन म्या हितं सडकेवर येऊन बसीन. निपाणीत सडकेवरच बसायची सवय लागलीया आमाला."

ठेकेदाराने दिवाणाच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं. त्याला वादातलं रान नको होतं. दिवाणाने "पुढं पाहू" म्हणून विषय मिटवला. ते पुढचं कधी आलंच नाही, कारण संस्थानच गेलं. हेळवाडीची काही बिऱ्हाडं परत डोंगरावर गेली. काहींची मुलं निपाणीत वाढली होती, ती राहिली. गंगाक्का परत गेली. श्रीपादराव निपाणीतच राहिले, आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर थोड्या आजाराने गेले. माझी तोवर बेळगावला बदली झाली होती. बातमी मला उशिरा कळली.

त्यामुळे माझ्याकडे त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते त्या दिवसाचं. दिवाणाची मोटार गेली. बरोबर आलेले सगळे धावत डोंगर चढून गेले, वरून त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. मला खानापूरहून गाडी गाठायची होती, एका बैलगाडीवाल्याने न्यायचं कबूल केलं होतं. श्रीपादराव सडकेच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते.

"वर नाही जात?" मी विचारलं.

"बोलावलंय त्यांनी," ते म्हणाले. "पण पाय उचलत नाही."

तेवढ्यात गंगाक्काच खाली उतरून आली. त्यांच्यापासून हातभर अंतर सोडून जमिनीवर बसली. फडकं सोडलं, भाकरी मोडली, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि त्यांच्यापुढे धरली. ते मान हलवायला लागले.

"खावा, साहेब," ती म्हणाली. "उपाशी मानसासंगं भांडाय येत न्हाई."

गाडी हलली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा श्रीपादरावांनी भाकरी हातात घेतली होती. ती डोंगराकडे बघत होती, ते सडकेकडे, आणि दोघंही जेवत होती.